मुलगा ‘अवकाशीय’ निघाला, मग वजाबाकीचं काय?

गेल्या आठवड्यात शेजारची सून एक जाडजूड फाइल घेऊन आली. स्पायरल बाइंडिंग, वर मेंदूचं सप्तरंगी चित्र, आत गुळगुळीत कागदाची तीसेक पानं. तिच्या तिसरीतल्या मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्यावरून काढलेला हा ‘अहवाल’. शाळेतच शिबिर होतं, साडेचार हजार रुपये भरले होते.

“काकू, तुम्ही इतकी वर्षं शाळेत काढलीत. जरा बघता का?”

बघितलं. मुलाची बुद्धिमत्ता आठ तुकड्यांत वाटली होती, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. अवकाशीय सगळ्यात जास्त, तार्किक-गणिती सगळ्यात कमी. खाली सल्ला : मूल चित्रांतून शिकते, गणिताचा फार आग्रह धरू नये. ‘अवकाशीय’ हा शब्द वाचून मुलाच्या आजोबांनी नातू इस्रोत जाणार असं जाहीर केलं होतं. आई मात्र वेगळ्याच काळजीत. हातच्याची वजाबाकी चुकते, ती आता चित्रं काढून शिकवायची, की सोडूनच द्यायची?

हे बोलणं चालू असताना चिरंजीव माझ्या डायनिंग टेबलापाशी उभे राहून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते आणि बहिणीशी वाटणी करत होते. तेरा निघाले. “मला सात, तुला सहा. मी वेचले म्हणून एक माझा जास्त.” तार्किक बुद्धी कमी असलेल्या मुलाचा हा युक्तिवाद मला तरी बिनतोड वाटला.

अशा फायली पुण्यात सध्या बऱ्याच घरांत दिसतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाची चर्चा, ‘प्रत्येक मूल वेगळं’ अशा पाट्या, शाळांच्या माहितीपत्रकांतली ‘बहुविध बुद्धिमत्तेनुसार शिक्षण’ ही ओळ. यात खरं किती, ताणलेलं किती आणि थापा किती, ते जरा सुटं करून पाहू.

बुद्धी मोजायची सुरुवात

१९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी मुलांसाठी एक चाचणी बनवली. पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे शोधायचं, एवढाच हेतू. बुद्धी जन्मापासून ठरलेली असते, तिच्यात काही बदल होत नाही, हे म्हणणं खुद्द बिनेंना मान्य नव्हतं. पण पुढे चाचणीतून एक आकडा निघायला लागला, त्याला बुद्ध्यांक म्हणू लागले, आणि आकडा मुलाच्या कपाळावर चिकटला. आपल्याकडेही डॉ. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी या चाचणीचं रूपांतर केलं होतं.

दुसरीकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांना १९०४ मध्ये एक गोष्ट दिसली. एका विषयात बरी असलेली मुलं बहुधा इतर विषयांतही बरी असतात. म्हणजे सगळ्याच्या मागे कुठलीतरी एक सामान्य कुवत असावी. कबड्डी, खो-खो, पोहणं हे तीन वेगळे खेळ, पण ज्याच्यात दम आहे तो तिन्हींत थोडा पुढे असतोच, तसं.

उलट टोकाला अमेरिकेतले गिलफर्ड. त्यांनी बुद्धीचे एक-दोन नाही, १२० घटक मांडले. त्यांच्या मांडणीशी पुण्याचं नातं आहे : १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमापनाचं जे काम झालं, ते बरंचसं गिलफर्डच्या चौकटीवर उभं आहे. तर बुद्धी एक की अनेक, हा वाद जुनाच आहे.

गार्डनर नेमकं काय म्हणाले

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये ‘बहुविध बुद्धिमत्ता’ मांडली. बोस्टनमध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर त्यांनी काम केलं होतं. तिथे दिसायचं की एक क्षमता जाते आणि दुसरी शाबूत राहते. शेबालिन नावाच्या रशियन संगीतकाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पक्षाघातानंतर त्यांना बोलणं आणि दुसऱ्याचं बोलणं समजणं, दोन्ही फार कठीण झालं, पण संगीतरचना चालूच राहिली. भाषा गेली, सूर राहिले. मग बुद्धी म्हणजे एकच पाण्याची टाकी आणि तिलाच सगळे नळ, असं कसं म्हणायचं?

गार्डनर यांनी आधी सात प्रकार सांगितले, आठवा पुढे जोडला. नावं जड आहेत, माणसं ओळखीची आहेत. शब्दांवर हुकमत असलेला कीर्तनकार, ही भाषिक. कागद न घेता दहा जणांचा हिशोब करणारी मंडईतली भाजीवाली, ही तार्किक-गणिती. पेठांच्या बोळांतून नकाशा न बघता रिक्षा काढणारा, ही अवकाशीय : अवकाश म्हणजे इथे आकाश नव्हे, जागा, आकार, दिशा (आजोबांना हे मी सांगितलेलं नाही). पथकातला ताशेवाला, ही सांगीतिक. मल्लखांबावरची पोरं, ही शारीरिक. वर्षानुवर्षं भांडण न होता भिशी चालवणारी बाई, ही माणसं ओळखण्याची. स्वतःला नीट ओळखणारा, ही सातवी. आणि वेताळ टेकडीवर नुसत्या आवाजावरून पक्षी सांगणारा, ही निसर्गविषयक.

शिक्षकांना ही मांडणी प्रचंड आवडली. मलाही आवडली होती. परीक्षेत मार खाणाऱ्या मुलाकडे बघायची एक नवी, प्रेमळ नजर त्यातून मिळाली. मांडणीची ती पुण्याई मी आजही नाकारत नाही.

मग अडचण कुठे आहे

पहिली अडचण पुराव्याची. हे आठ प्रकार खरंच सुटे असते, तर एकातल्या गुणांवरून दुसऱ्यातल्या गुणांचा अंदाज लागायला नको. २००६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आठही प्रकारांच्या चाचण्या एकाच वेळी घेऊन पाहिल्या. भाषा, गणित, अवकाश, निसर्ग, माणसं ओळखणं या साऱ्यांचे गुण एकमेकांच्या हातात हात घालून चाललेले निघाले, म्हणजे स्पिअरमन म्हणत होते तसे. संगीत, शरीर आणि स्वतःची जाण हे तेवढे वेगळे पडले. गार्डनर यांचे समर्थक म्हणतात, कागदी चाचणीत हे सगळं मावतच नाही. असेल. पण मावत नाही म्हणून सिद्ध झालं असंही होत नाही. या क्षमतांना ‘बुद्धिमत्ता’ न म्हणता ‘कौशल्यं’ म्हटलं असतं, तर एवढी चर्चा झाली नसती, हे गार्डनर यांनीही मान्य केलं आहे.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती गार्डनर यांची नाहीच, आपली आहे. ‘मुलांमध्ये वेगवेगळ्या क्षमता असतात’ यावरून आपण ‘म्हणून प्रत्येकाला त्याच्या क्षमतेच्या वाटेनंच शिकवावं’ इथे उडी मारली. मधला जिना कोणी बांधलेलाच नाही.

याच उडीतून ‘हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, तो हालचालीतून शिकणारा’ ही वाटणी लोकप्रिय झाली. तिला शिकण्याच्या शैली म्हणतात. ती खरी आहे की नाही हे तपासायचं कसं? समजा पोट दुखणाऱ्यांना एक गोळी आणि डोकं दुखणाऱ्यांना दुसरी गोळी लागते असा दावा आहे. मग दोन्ही गटांतल्या अर्ध्या लोकांना एक, अर्ध्यांना दुसरी देऊन बघावं लागेल. ज्याची त्याला बरी आणि दुसऱ्याची निकामी ठरली, तरच दावा खरा. शाळेतही तसंच : ‘बघणाऱ्या’ मुलांना चित्रांनी जास्त यायला हवं आणि ‘ऐकणाऱ्या’ मुलांना त्याच चित्रांनी कमी यायला हवं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळलं. या कसोटीला धरून केलेले प्रयोगच मोजके निघाले आणि त्यांतले बरेचसे दाव्याच्या विरुद्ध गेलेले. आणि २०१३ मध्ये गार्डनर यांनी स्वतः लेख लिहून सांगितलं, की बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, कृपा करून गल्लत करू नका.

विचार केला तर हे घरातच दिसतं. पोळी लाटायला ‘ऐकून शिकणाऱ्या’ मुलीलाही लाटणंच धरावं लागतं. तबल्याचा बोल ‘बघून शिकणाऱ्या’ मुलालाही कानानंच घ्यावा लागतो. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री कसा उभा आहे हे कळायला सगळ्यांनाच नकाशा लागतो. कुठल्या दारानं आत जायचं ते बहुतेक वेळा विषय ठरवतो.

आणि बोटांचे ठसे?

इथे मात्र माझा स्वर बदलणार आहे.

बोटांवरच्या रेषांचा अभ्यास हे खरंखुरं शास्त्र आहे. १९२६ मध्ये हॅरल्ड कमिन्स यांनी त्याला नाव दिलं, डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींमध्ये तळहाताच्या रेषा वेगळ्या असतात हेही अभ्यासलं गेलं आहे. या रेषा आईच्या पोटात साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात तयार होतात. विक्रेते इथे बोट ठेवतात : मेंदूही तेव्हाच घडत असतो, म्हणून रेषांत मेंदूचा आराखडा. अहो, त्याच महिन्यांत नखंही घडत असतात. नखं बघून भूमिती येईल का हे सांगाल का? ठशांवरून बुद्धिमत्तेचे टक्के काढण्याला वैज्ञानिक आधार नाही, असं भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं, स्पष्ट म्हटलेलं आहे.

“पण काकू, स्वभाव अगदी बरोब्बर लिहिलाय!” हे मला हमखास ऐकायला मिळतं. फाइलीत काय होतं? ‘मूल हळवे आहे पण राग पटकन येतो. आवडीच्या कामात तासन्‌तास रमते, नावडत्या कामात चालढकल करते.’ हे माझ्या नातवालाही लागू आहे, माझ्या मांजरालाही. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा’ म्हणून वर्णनाचा कागद दिला. किती अचूक वाटतं, पाचांपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी सव्वाचारच्या वर आली. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता, ज्योतिषाच्या पुस्तकातली वाक्यं जुळवून. वृत्तपत्रातलं राशिभविष्यही याच बळावर चालतं, फक्त ते साडेचार हजारांना मिळत नाही.

म्हणजे सगळी मुलं सारखीच?

मुळीच नाहीत. तीस वर्षांत मला दोन सारखी मुलं भेटली नाहीत. पण ती वेगळी असतात ती वेगळ्याच ठिकाणी : आधी काय येतं, घरची भाषा कोणती, सकाळी काही खाऊन आलंय का, फळ्यावरचं दिसतंय का. एका मुलीला दोन वर्षं ‘मंद’ म्हणत होतो आम्ही. चष्मा लागल्यावर ती वर्गात तिसरी आली. त्या ‘आम्ही’त मी होते.

भाषेचंच बघा. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन दिलं होतं. विधिमंडळापर्यंत विषय गेला, विनोदांना ऊत आला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जोडाक्षरं असलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, आणि दक्षिणेतल्या भाषांत आधी दशक, मग एकक असंच म्हणतात.

थट्टा करणाऱ्यांनी कधी दुसरीच्या वर्गात अंकलेखन घेतलं नसावं. मी घेतलं आहे. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की कानावर आधी तीन पडतात, मग साठ. मूल ऐकलं त्या क्रमानं लिहितं : ३६. ‘एकोणतीस’ म्हटलं की त्याला ऐकू येतो ‘तीस’, आणि वहीत उतरतं ३९. एकोण म्हणजे एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. अशा मुलाच्या पुढ्यात ‘गणिती बुद्धी ९ टक्के’ असा कागद ठेवला की संपलं. त्याचा गोंधळ अंकांत नसून अंकांच्या नावांत आहे, हे मग कोण शोधणार? पुस्तकाची बाजू बरोबर की परंपरेची, हा वाद मी इथे घालत नाही. सवयीनं त्रेसष्ट येतंच. पण त्या सवयीला वर्ष लागतं, आणि त्या वर्षात बरीच मुलं स्वतःला ‘गणितात कच्ची’ ठरवून मोकळी होतात.

मुलांच्या फरकानुसार शिकवण्याचा जो प्रकार खरोखर लागू पडलेला दिसतो, तो ‘पातळीनुसार शिकवणं’. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेनं तो रुजवला. मुलाला अक्षर वाचता येतं, शब्द, परिच्छेद की गोष्ट, एवढं तपासायचं आणि दिवसातला थोडा वेळ इयत्ता बाजूला ठेवून त्या पातळीच्या गटात बसवायचं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मुंबई आणि बडोद्यात अशा कामाचे परिणाम मोजले होते. त्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या प्रकारच्या प्रयोगांसाठी मिळालं, त्यांतलाच हा एक. यातली खुबी अशी की गट कायमचा नसतो. मूल गोष्ट वाचायला लागलं की गट बदलतो. ठशाचा गट बदलायची सोय नाही.

काही मुलांना वाचनाची किंवा आकड्यांची खरी अक्षमता असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, दहावी-बारावीला सवलती आहेत. शंका आली तर सरकारी रुग्णालयातून रीतसर तपासणी करून घ्यावी. शाळेच्या हॉलमधला स्कॅनर त्यासाठी नाही.

“नवं धोरणच तसं सांगतं ना?”

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सर्वांगीण प्रगतिपुस्तकाबद्दल बोलतं. त्यात शिक्षकांबरोबर मुलानं स्वतःचं आणि वर्गमित्रांनीही मूल्यमापन करावं, असं आहे. गुणांपलीकडचं मूल दिसावं, हा उद्देश. मुलांची आठ खणांत वाटणी करा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

“वर्गात साठ मुलं असतात, बाई”

हा आक्षेप पालकांचा नसतो, तरुण शिक्षकांचा असतो, आणि रास्त असतो. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. कायदा कायद्याच्या जागी.

साठ मुलांसाठी साठ धडे करायचे नाहीत. एकाच धड्याला तीन-चार दारं ठेवायची आणि सगळ्या मुलांना सगळ्या दारांतून आत-बाहेर करू द्यायचं. गार्डनर यांचाही शिक्षकांना दिलेला एक सल्ला हाच आहे : महत्त्वाची गोष्ट अनेक अंगांनी शिकवा. अपूर्णांकाला तर मराठीत दारंच दारं आहेत. पाव किलो साखर, दीड वाटी तांदूळ, सव्वातीन वाजले, पावणेदोन मीटर कापड, अडीच रुपये. आमच्या आजीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असायची. मूल शाळेत यायच्या आधीच ‘अर्धी पोळी’ आणि ‘पाव भाकरी’ बोलत असतं. आपण फळ्यावर एकाखाली चार लिहितो आणि त्याला वाटतं हे काहीतरी नवीनच आलं. भाकरी मोडा, तीच भाकरी कागदावर काढा, मग जमिनीवर शून्य ते एक रेघ मारून पाऊण पाशी उडी मारायला लावा. भाकरी, चित्र, उडी आणि आकडा हे चारही एकच आहेत, हे ज्या दिवशी त्याला कळतं तो दिवस बघण्यासारखा असतो.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेली आहे. बहुविध बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणावरून आल्या आल्या, उत्साहाच्या भरात, मी चौथीत ‘अपूर्णांकांचा नाच’ बसवला. अंशांची पोरं वर, छेदांची खाली, मध्ये ओढणी धरलेल्या दोन मुली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी विचारलं, अर्धा मोठा की एकतृतीयांश? निम्मा वर्ग म्हणाला एकतृतीयांश, कारण तीन मोठे. नाच मात्र सगळ्यांना पाठ होता. हालचालीतून गणित जायला हवं होतं, माझ्या नाचातून फक्त ओढणी गेली. पाढे चालीवर म्हणणंही असंच. पाठांतराला उत्तम, पण सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय हे चाल सांगत नाही.

त्या वजाबाकीकडे

फाइल मिटली आणि चिरंजीवांना बोलावलं. कागदावर लिहिलं : ५२ वजा २७. त्यानं झटक्यात ३५ लिहिले.

“कसं केलंस?”

“सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.”

मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढा नियम त्यानं धरून ठेवला होता आणि तो इमानेइतबारे पाळत होता. वर कोण आणि खाली कोण, हे त्याच्या लेखी बिनमहत्त्वाचं होतं. ही चूक दर वर्षी निम्म्या वर्गात असते.

मी पर्समधून दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी काढून त्याच्या हातात दिली. “हे बावन्न. मी दूधवाली. सत्तावीस रुपये झाले, काढा.”

दोन नोटा त्यानं लगेच पुढे केल्या. मग दोन नाणी ठेवली. मग हातातल्या तीन नोटांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. आई सांगायला पुढे सरसावली, तिला मी डोळ्यांनी थांबवलं.

“आजी, तुमच्याकडे दहाचे सुट्टे आहेत?”

होते. एक नोट घेतली, दहा नाणी दिली. त्यानं पाच मला मोजून दिली, हातात उरलेलं दोनदा मोजलं आणि कागद ओढून ३५ वर काट मारली.